वर्ध्याचा क्रांतिकारक मेक्सिकोत स्पॅनिशमधून शेती शिकवायचा : पांडुरंग खानखोजेंची गोष्ट आणि स्पॅनिश क्रियापदांचा पहिला धडा

मनी हाईस्ट बघितल्यापासून आमच्या परळीतल्या ग्रुपवरची निम्मी पोरं एकमेकांना आमिगो म्हणायला लागली. त्यातल्या दोघा-तिघांनी मोबाईलवर स्पॅनिश शिकायचं ॲपही टाकलं. मीही टाकलं. पहिले चार दिवस मजा आली. ओला म्हणजे नमस्कार, ग्रासियास म्हणजे धन्यवाद. पाचव्या दिवशी क्रियापदं आली आणि सगळ्यांची गाडी थांबली. एका आहेसाठी दोन क्रियापदं, एकेका क्रियापदाची पाच-पाच रूपं. ग्रुपवर एकाचं म्हणणं पडलं की ही भाषा परळी-बीडच्या माणसाच्या वाट्याची नाही, पुण्या-मुंबईच्या क्लासवाल्यांची आहे.

तेव्हा एक नाव आठवलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचा माणूस. चाळिशीच्या आसपास असताना मेक्सिकोत गेला आणि तिथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. स्पॅनिशमधून शिकवलं, स्पॅनिशमधून संशोधन छापलं आणि मेक्सिकोच्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. तेव्हा ॲप नव्हतं, यूट्यूब नव्हतं, मराठी-स्पॅनिश शब्दकोश तर सोडूनच द्या.

या माणसाची गोष्ट समजून घेऊ, आणि जाता जाता स्पॅनिश व्याकरणाचा पायाही घालू. दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

वर्धा ते वॉशिंग्टन

खानखोजेंचा जन्म १८८०च्या दशकातला, वर्ध्याचा. वडील वकिली करायचे. शाळा वर्ध्यात, पुढचं शिक्षण नागपुरात. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. विदर्भातल्या कित्येक तरुणांसारखे खानखोजेही टिळकांच्या विचारांनी भारावले. इंग्रजांना हाकलायचं तर शस्त्रविद्या शिकायला हवी आणि ती देशात राहून शिकता येणार नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ते देशाबाहेर पडले आणि अमेरिकेत पोहोचले.

तिथे त्यांनी दोन शिक्षणं सोबत घेतली. एक लष्करी, कॅलिफोर्नियातल्या एका सैनिकी अकादमीत. दुसरं शेतीचं. १९१३ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी शेतीतली पदवी घेतली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. लाकूड कापायच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर हा पक्षाचा कणा होता. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस. खानखोजे संस्थापकांपैकी एक, आणि त्यांचं लक्ष सशस्त्र उठावाच्या तयारीकडे. गदरच्या इतिहासात आणखी एक मराठी नाव आहे, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. ते उठावासाठी भारतात परतले आणि नोव्हेंबर १९१५मध्ये कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत लाहोरला फासावर गेले.

खानखोजे वाचले, कारण त्यांचा रस्ता दुसरा होता. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणकडे गेले. जर्मनीच्या मदतीने, इराण आणि बलुचिस्तानच्या बाजूने इंग्रजांवर चाल करायची, असा बेत होता. तो फसला. लढाई झाली, पकडापकडी झाली, वेश बदलून राहावं लागलं. युद्धानंतर बर्लिन आणि १९२१ साली मॉस्को. रशियातल्या क्रांतीकडून भारताला मदत मिळते का, हे बघायला जो भारतीय गट गेला होता, त्यात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत खानखोजेही होते.

या सगळ्यातून हाती काय आलं? स्वातंत्र्य तर नाहीच. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव मात्र पक्कं झालं. घरी परतायचा रस्ता बंद. वय चाळिशीकडे झुकलेलं. हातात एकच कसब होतं, शेतीचं.

१९२४ साली ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोच का?

मेक्सिकोत १९१० साली क्रांती सुरू झाली होती. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाची अनेक दशकांची सत्ता उलथली. क्रांतीचा गाभा जमिनीचा होता. हजारो एकरांच्या जहागिरी मूठभर घराण्यांकडे आणि गावातला माणूस स्वतःच्याच पूर्वजांच्या जमिनीवर मजूर. एमिलियानो सापाता या शेतकरी नेत्याने जमीन मागितली आणि १९१९ साली त्याला दगाफटका करून मारलं गेलं. पण १९१७च्या राज्यघटनेत जमिनीच्या फेरवाटपाचं कलम आलं होतं. गावांना सामायिक जमिनी मिळायला लागल्या. त्यांना एखिदो म्हणतात.

जमीन मिळाली, आता ती कसायची कशी, हे शिकवणारे हवे होते. मेक्सिको सिटीजवळ तेश्कोकोला चापिंगो नावाची जुनी जहागीर होती. राष्ट्रीय कृषी विद्यालय तिथे हलवलं गेलं. जहागीरदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा. खानखोजे तिथे शिकवायला लागले.

त्यांच्या आधी मेक्सिकोत राहून गेलेला एक भारतीय तुम्हाला माहीत असेल, मानवेंद्रनाथ रॉय. तेही १९१७ ते १९१९ या काळात तिथे होते, स्पॅनिश शिकले आणि स्पॅनिशमध्ये भारतावर पुस्तक लिहिलं. पण रॉय राजकारणात होते. खानखोजेंना रोज वर्गात उभं राहायचं होतं आणि शेतकऱ्याशी बांधावर बोलायचं होतं. तिथे नुसत्या शब्दांवर भागत नाही. तिथे क्रियापद लागतं.

क्रियापदाचं शेपूट ओळखा

स्पॅनिश क्रियापद ओळखायला सोपं असतं. मराठीत जसं करणे, खाणे, राहणे असं शेवटी णे येतं, तसं स्पॅनिशमध्ये मूळ रूपाच्या शेवटी आर, एर किंवा इर येतं. सगळी क्रियापदं या तीन घरांत राहतात.

शेतीतलं उदाहरण घेऊ. कुल्तिबार म्हणजे लागवड करणे. शेवटचा आर काढा, उरतं कुल्तिब. त्याला माणसाप्रमाणे शेपूट लावा.

मी : कुल्तिबो
तू : कुल्तिबास
तो, ती, आपण (आदरार्थी) : कुल्तिबा
आम्ही : कुल्तिबामोस
ते, तुम्ही सगळे : कुल्तिबान

आता एरचं घर. कोमेर म्हणजे खाणे. कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. आणि इरचं घर. बिबिर म्हणजे जगणे, राहणे. बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबेन.

नीट बघा. मी म्हणताना तिन्ही घरांत शेवटी ओ. तू म्हणताना शेवटी स. आम्ही म्हणताना शेवटी मोस. अनेकजण म्हणताना शेवटी न. एवढं डोक्यात बसलं की नेहमीच्या हजारो क्रियापदांचा वर्तमानकाळ हातात आला.

आणि हे शेपूट असल्यामुळे मी, तू हे शब्द बोलायची गरजच पडत नाही. आपण नाही का, येतो म्हणून निघतो? मी येतो म्हणत बसत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच. नुसतं कोमो म्हटलं की मी खातो हे कळतं. इंग्रजीत हे चालत नाही. म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा प्रत्येक वाक्यात मी मी करत राहतो. मराठीतून शिकणाऱ्याला ही खोड सोडवावी लागत नाही.

एक सवलत तर आणखी मोठी. मराठीत पुरुष म्हणतो जातो, बाई म्हणते जाते. स्पॅनिशमध्ये या रूपांत बाईमाणूस-बाप्यामाणूस हा भेद नाही. दोघंही म्हणणार, बोय. जाणेचं मूळ रूप आहे इर, वर्तमानात ते होतं बोय आणि भूतकाळात फुई. रूप असं कसं बदललं म्हणून वैतागू नका. आपण जाणेचं गेलो करतोच की. जिभेवर रोज घासली जाणारी क्रियापदंच वाकडी होतात, हे दोन्ही भाषांत खरं आहे.

पेरणे हे क्रियापदही जरा वाकडं आहे. सेम्ब्रार. मी पेरतो म्हणजे सेम्ब्रो नाही, सिएम्ब्रो. तू सिएम्ब्रास, तो सिएम्ब्रा, ते सिएम्ब्रान. पण आम्ही मात्र सेम्ब्रामोस, तिथे मूळ स्वर तसाच. अशी क्रियापदं बरीच आहेत आणि त्यांचा साचा हाच.

हिरवा आहे की हिरवा आहे?

आता आमच्या ग्रुपची गाडी जिथे अडकली तिथे येऊ. मराठीत एकच आहे. स्पॅनिशमध्ये दोन : सेर आणि एस्तार.

सेरची रूपं : सोय, एरेस, एस, सोमोस, सोन.
एस्तारची रूपं : एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्तान.

वस्तू मुळात काय आहे, कोण आहे, कुठली आहे, हे सांगायचं तर सेर. मी शेतकरी आहे, मी वर्ध्याचा आहे, हे सेरने. वस्तू सध्या कशा अवस्थेत आहे किंवा कुठे आहे, हे सांगायचं तर एस्तार. मी दमलोय, मी घरी आहे, हे एस्तारने. जागा मात्र कायमची असली तरी एस्तारच लागतं. चापिंगो तेश्कोकोजवळ आहे, हे वाक्य शंभर वर्षांनीही खरं राहील, तरी तिथे एस्ता.

हा फरक नुसता पुस्तकी वाटतो का? मग हे बघा. बेर्दे म्हणजे हिरवा. एस बेर्दे म्हटलं तर रंगाने हिरवा. एस्ता बेर्दे म्हटलं तर अजून कच्चा, तयार व्हायचाय. म्हणजे कणसाबद्दल किंवा फळाबद्दल बोलताना एक म्हणायच्या ऐवजी दुसरं म्हटलं, तर तोडणीला आलेला माल अजून थांबवायचा की नाही, इथे गोंधळ. शेतीच्या वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही.

जे मराठी माणसाला फुकटात मिळतं

आपल्याला वाटतं स्पॅनिश परकी आहे. पण काही बाबतींत ती इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ उभी आहे.

मला मका आवडतो. या वाक्यात आवडतो हे मक्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. मला बिया आवडतात म्हटलं की क्रियापद अनेकवचनी होतं. स्पॅनिशमध्ये हेच. मे गुस्ता एल माईस, म्हणजे मला मका आवडतो. मे गुस्तान लास सेमियास, म्हणजे मला बिया आवडतात. मे म्हणजे मला. इंग्रजी बोलणारा इथे आठवडाभर डोकं खाजवतो. आपल्याला समजवायची गरजही पडत नाही.

दुसरं. आपण मका बघतो म्हणतो, पण शेतकऱ्याला बघतो म्हणतो. माणूस आला की ला चिकटतो. स्पॅनिशमध्ये तिथे आ येतो. कर्म निर्जीव असेल तर नाही, माणूस असेल तर आ.

तिसरं. अहो-जाहो आणि अरे-तुरे. तू म्हणजे स्पॅनिशमध्येही तूच! उच्चारही तोच. आणि मोठ्या माणसाला, अनोळखी माणसाला उस्तेद. गंमत अशी की उस्तेदला क्रियापद लागतं ते तो, ती चं. थोरल्यांशी बोलताना थेट बोट न दाखवता जरा बाजूने बोलायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. मेक्सिकोत गावाकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तू म्हणणारा प्राध्यापक तिथेच संपला असता.

चौथी तर लॉटरी आहे. महिन्याच्या एक तारखेला तुम्ही ज्याची वाट बघता, तो पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणे. आरच्या घरातलं साधंसरळ क्रियापद. पागो, पागास, पागा, पागामोस, पागान. म्हणजे एक स्पॅनिश क्रियापद तुम्ही लहानपणापासून बोलताय. पाव आठवा, स्पॅनिशमध्ये पान. साबण आठवा, स्पॅनिशमध्ये खाबोन. दाराची बिजागरी आठवा, स्पॅनिशमध्ये बिसाग्रा. आणि चिकू? तो तर मूळचाच मेक्सिकोकडचा. त्याचं तिकडचं नाव चिकोसापोते.

जिथे आपण हमखास आपटतो

लिंग. मराठीत तीन, स्पॅनिशमध्ये दोन. नपुंसकलिंगी नाम नाही. ओने संपणारे शब्द बहुतेक पुल्लिंगी, आने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी. पुल्लिंगीआधी एल, स्त्रीलिंगीआधी ला. एल त्रिगो म्हणजे गहू, ला तिएर्रा म्हणजे जमीन. या दोन्हींत मराठीशी जुळतं. पण पाऊस आपल्याकडे तो, तिकडे ती, ला युबिया. हात आपल्याकडे तो, तिकडे ती, ला मानो, आणि तोही शेवटी ओ असून. म्हणून शब्द पाठ करताना एल, ला सकट पाठ करा. नंतर चिकटवू म्हटलं की राहूनच जातं.

दुसरा खड्डा भूतकाळाचा. आपण म्हणतो, मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला. भूतकाळात आपलं क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते कधीच कर्त्याला सोडत नाही. मी काहीही खाल्लं तरी कोमी.

पण भूतकाळाचे दोन प्रकार मात्र आपल्याकडेही आहेत. पेरलं आणि पेरायचो. एकदा झालं, संपलं, त्याला सेम्ब्रे. दरवर्षी व्हायचं, सवयीचं होतं, त्याला सेम्ब्राबा. आजोबा बाजरी पेरायचे, त्या वर्षी मात्र कापूस पेरला. या एका वाक्यात दोन्ही भूतकाळ आले. स्पॅनिशची पुस्तकं यावर पानंच्या पानं घालतात. तुम्ही मराठीत वाक्य बोलून बघा, निम्मं काम तिथेच होतं.

फुकट नाही, मुक्त

परत चापिंगोला जाऊ. खानखोजे विद्यालयात शिकवत होते, पण तिथे येणारी मुलं मोजकी. ज्यांना जमीन मिळाली होती ते शेतकरी गावात होते. म्हणून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटनांना हाताशी धरून गावोगाव मोकळ्या कृषी शाळा सुरू केल्या. नाव होतं एस्कुएला लिब्रे दे आग्रिकुल्तुरा. एका शाळेला सापाताचं नाव दिलं होतं.

इथला लिब्रे शब्द बघण्यासारखा आहे. इंग्रजीत फ्री म्हटलं की मोफत की मुक्त, हे कळत नाही. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. मोफत म्हणजे ग्रातिस, मुक्त म्हणजे लिब्रे. शाळेच्या नावात लिब्रे होतं. शेतकरी कुणाच्या दयेवर शिकत नव्हता, तो मोकळा माणूस म्हणून शिकत होता. ज्याने स्वतःच्या देशाच्या मुक्तीसाठी अर्धं जग पालथं घातलं आणि हात रिकामे घेऊन आला, त्याने परक्या देशातल्या शाळांना हा शब्द लावला.

विद्यालयातलं संशोधनही चालू होतं. मका, गहू, डाळी, रबर. थंडीच्या कडाक्यात आणि पाण्याच्या ओढीत तग धरतील असे वाण काढायचे, हा भर. मेक्सिकोच्या पठारावर हिमतुषार पिकं जाळतो आणि पावसाचा भरवसा नसतो. बीडच्या माणसाला यातली दुसरी गोष्ट समजावून सांगायला नको.

१९३० साली त्यांचं मक्यावरचं संशोधन स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला एक मका होता माईस ग्रानादा. ग्रानादा म्हणजे डाळिंब. त्यासाठीचे फोटो काढले होते तिना मोदोत्ती हिने. मूळची इटलीची ही बाई आज जगातल्या मोठ्या फोटोग्राफर्समध्ये गणली जाते. तीही खानखोजेंसारखीच बाहेरून आलेली आणि स्पॅनिशमध्ये घर केलेली. खानखोजेंच्या शेतकरी शाळांचे फोटोही तिनेच काढले. त्याच १९३० साली मेक्सिको सरकारने तिला देशाबाहेर काढलं.

चित्रकार दिएगो रिवेराशीही खानखोजेंची दोस्ती होती. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेराची प्रचंड भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एकात जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्या वर्णांची माणसं बसली आहेत आणि मधोमध बसलेला एक माणूस भाकरी मोडतोय. तो माणूस खानखोजेंवरून काढला, असं मानलं जातं. चित्राचं नाव एल पान नुएस्त्रो, आमची भाकरी. व्याकरण म्हणून बघा, नुएस्त्रो म्हणजे आमचा. पान पुल्लिंगी म्हणून नुएस्त्रो. जमीन असती तर नुएस्त्रा. आमचा, आमची, तसंच.

एक गोष्ट मात्र मेक्सिकोत गेलेल्या प्रत्येक भारतीयाला खटकली असेल. स्वतःची ओळख सांगायचा शब्द. इंदिओ म्हटलं तर तिकडे अर्थ होतो मेक्सिकोचा मूळ रहिवासी, आदिवासी. कोलंबस भारताच्या शोधात निघाला, अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला आणि तिथल्या लोकांना भारतीय म्हणून मोकळा झाला. ती चूक ५०० वर्षं भाषेत बसून आहे. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला तिकडे इंदू म्हणायचे, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

पाऊस पडो

आता स्पॅनिशमधलं ते प्रकरण, ज्याला नवशिके सगळ्यात घाबरतात. इच्छा, शंका, आशा व्यक्त करायची असेल तर क्रियापदाचं रूप बदलतं. पुस्तकं सांगतात, हे अवघड आहे, शेवटी शिका.

मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. पाऊस येतो आणि पाऊस यावा, यातला फरक तुम्हाला कळतो ना? येतो ही बातमी आहे, यावा ही इच्छा. स्पॅनिशमध्ये तेच. पाऊस पडतो म्हणजे युएबे. पाऊस पडावा म्हणजे युएबा. शेवटचा ए गेला, आ आला. एर आणि इरच्या घरातल्या क्रियापदांत इच्छेसाठी आ येतो, आरच्या घरातल्यांत उलट ए येतो. बहुतेक ठिकाणी एवढीच अदलाबदल.

आणि त्याच्याआधी एक शब्द लावतात, ओखाला. देव करो आणि असं होवो, या अर्थाचा. स्पेनमध्ये अरबांचं राज्य होतं तेव्हा तो अरबीतून आला. ओखाला युएबा. देवा, पाऊस पडू दे. जून कोरडा गेला की आमच्याकडे प्रत्येक घरात हेच वाक्य असतं, फक्त भाषा वेगळी.

परत येणं

१९३६ साली खानखोजेंनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. घर मेक्सिकोत, मुलींची नावं भारतातली.

१९४७ला देश स्वतंत्र झाला. आता तरी परतता यावं. पण इंग्रज गेले तरी त्यांच्या याद्या मागे राहिल्या होत्या. ज्या माणसाला इंग्रजांनी बंदी घातली, त्याला स्वतंत्र भारतात यायचा परवाना सुरुवातीला नाकारला गेला. पुढे तो निर्णय फिरवला गेला आणि खानखोजे मायदेशी आले. शेतीविषयक सल्ला देण्याचं काम केलं आणि शेवटी नागपुरात स्थायिक झाले. ज्या शहरात शिकले, त्याच शहरात २२ जानेवारी १९६७ रोजी गेले.

ती तारीख जरा लक्षात ठेवा. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं होतं. हरितक्रांतीची ती सुरुवात. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत १९४०च्या दशकापासून बुटक्या, रोगाला न जुमानणाऱ्या गव्हावर काम केलं, आणि त्यांच्या प्रयोगाच्या शेतांपैकी काही चापिंगोला होती. ते वाण खानखोजेंचे नव्हते, ते श्रेय बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. पण ज्या मातीत खानखोजेंनी स्पॅनिशमधून शेती शिकवली, तिथून निघालेलं बियाणं, ते नागपुरात शेवटचे दिवस मोजत असताना, भारताच्या शेतात उभं होतं.

आपण त्यांना बऱ्यापैकी विसरलो. वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं म्हणून निदान वाचायला तरी मिळतं. मेक्सिकोने मात्र आठवण ठेवली. सप्टेंबर २०२२मध्ये चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी तिथे गेले होते.

मग आता काय करायचं?

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. भाषांतर, कॉल सेंटर, निर्यात, पर्यटन, सगळीकडे ती लागते. क्लास लावायला पैसे असतील तर लावा, नसतील तर असं सुरू करा.

पहिला आठवडा फक्त कुल्तिबार, कोमेर, बिबिर या तिघांची शेपटं. रोज एक नवं क्रियापद त्याच साच्यात घालून बघायचं.

दुसरा आठवडा सेर आणि एस्तार. घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल दोन वाक्यं. ती काय आहे आणि ती कुठे आहे.

तिसरा आठवडा वाकडी पण रोजची क्रियापदं. इर म्हणजे जाणे, तेनेर म्हणजे जवळ असणे, आसेर म्हणजे करणे, केरेर म्हणजे हवं असणे, पोदेर म्हणजे करू शकणे.

चौथ्या आठवड्यापासून एक भूतकाळ, मग दुसरा.

आणि एक सांगतो. ॲप इंग्रजीतून शिकवतं, म्हणून आपणही डोक्यात आधी इंग्रजी वाक्य बनवतो आणि मग त्याचं स्पॅनिश करतो. ती वाट लांबची आहे. सरळ मराठी वाक्य घ्या. मला आवडतं, पाऊस यावा, पेरायचो, तू आणि आपण. यातलं बरंचसं स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं उभं आहे.

आमच्या ग्रुपवर ही गोष्ट टाकली तेव्हा बंद पडलेलं ॲप दोघांनी परत उघडलं. एकजण अजून सेर आणि एस्तारमध्ये गडबडतो. पण परवा दुपारी आभाळ भरून आलं, थर्मलच्या चिमण्यांवर काळे ढग उतरले, आणि त्याचा ग्रुपवर मेसेज आला. देवनागरीत, दोनच शब्द. ओखाला युएबा.

रूप अगदी बरोबर होतं. पाऊस संध्याकाळी आला.